खंडेनवमीच्या नोंदी

साताऱ्याहून सांगलीला जाताना उंब्रज आलं की मी डोळे मिटून घ्यायचो. शेजारी ओळखीचं कोणी नसलं तरी. बस थांब्यावर उभी राहायची, काकडीवाल्या बायका खिडकीशी यायच्या, आणि मी मान टाकून झोपेचं सोंग करायचो. गाडी गावाबाहेर पडली की उठून पाणी प्यायचो. निवृत्तीनंतर बरीच वर्षं हे चाललं. बायको एकदा म्हणाली, "अहो, तुम्हाला बरोबर उंब्रजलाच कशी झोप लागते?" मी म्हटलं, "वय झालं." तिने पुढे काही विचारलं नाही. पण पुढच्या खेपेला ती थांबा येईपर्यंत माझ्याकडे बघत बसली, आणि मला डोळे मिटणं अवघड झालं.

हे लिहायला बसलोय तरी सारखा उठतोय. दार लावलंय का बघतो, गॅस बंद आहे का बघतो, परत येऊन बसतो. तेव्हा आधी कामाचं सांगून टाकतो.

मी सांगलीत एका दूध संघाचा संगणक विभाग सांभाळत होतो. गावोगावच्या डेअऱ्यांचं दूध शीतकरण केंद्रावर यायचं, तिथल्या टाकीत गार व्हायचं आणि टँकरने सांगलीला जायचं. असं एक केंद्र उंब्रजला होतं. प्रत्येक केंद्रावर एक संगणक ठेवलेला. त्यातला प्रोग्राम टाकीवर नजर ठेवायचा आणि जे घडेल ते लिहीत जायचा. दूध किती गार आहे, कंप्रेसर कधी चालू झाला, कधी बंद पडला, वीज कधी गेली. सुरुवातीला या नोंदी त्या त्या केंद्रावरच पडून असायच्या आणि कशाही लिहिलेल्या असायच्या. एका केंद्राची वेळ आधी, दुसऱ्याची शेवटी, तिसऱ्याची नाहीच. काही बिघडलं की मी तिथे जायचो आणि गव्हातून खडे निवडावेत तसा त्या ओळींतून अर्थ निवडत बसायचो.

मी त्याला शिस्त लावली. प्रत्येक नोंदीला ठरलेले रकाने केले. वेळ कोणती, केंद्र कोणतं, यंत्र कोणतं, गोष्ट साधी की इशाऱ्याची की गंभीर, आणि शेवटी काय घडलं ते. नोंद झाली की ती त्याच क्षणी तारेवरून सांगलीच्या सर्व्हरवर यायची. ऑफिसात सगळे त्या सर्व्हरला पेटी म्हणत. मग खुर्चीत बसल्या बसल्या मला दिसायचं, की महाबळेश्वरच्या वाटेवरच्या केंद्रात वीज गेलीय आणि उंब्रजची टाकी गार होतेय. याचा मला फार अभिमान होता. संचालकांच्या बैठकीत मी उभा राहून सांगितलं होतं, "आता एकही नोंद आपल्या नजरेतून सुटणार नाही."

ते खरं नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. नोंद पाठवायच्या दोन रीती असतात. एका रीतीत पलीकडची पेटी "मिळाली" असं उलट सांगते, आणि ते ऐकू येईपर्यंत इकडचा प्रोग्राम वाट बघतो. दुसऱ्या रीतीत इकडून फेकायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. मी आधी पहिली रीत लावली होती. पण पावसाळ्यात डोंगराकडची लाइन सारखी जायची, प्रोग्राम जबाबाची वाट बघत अडून बसायचा, केंद्रावर दुधाच्या गाड्या खोळंबायच्या आणि लोक शिव्या द्यायचे. म्हणून मी दुसरी रीत लावली. केंद्रावरचे संगणक जुने आणि त्यांच्यात जागा कमी, म्हणून नोंद पाठवली की तिथली पुसायची अशीही सोय केली. हे दोन्ही निर्णय मी आजही चुकीचे म्हणणार नाही. त्या परिस्थितीत कोणीही शहाण्याने तेच केलं असतं. चुकीचं मी पुढे केलं.

उंब्रजच्या केंद्रावर एक माजी सैनिक होते. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, जवळच्याच एका गावचे. सगळे त्यांना हवालदारच म्हणत, मीही. नवी पद्धत सुरू झाली तेव्हा त्यांच्या पडद्यावर प्रत्येक नोंदीपुढे 'पाठवलं' असा शब्द यायचा. हवालदार सारखा फोन करायचे.

"सायब, हितं पाठवलं असं दिसतंय. तिकडं घावलं का?"

"आलं, हवालदार."

थोड्या वेळाने परत फोन. "सायब, कंप्रेसर जरा दमलाय, त्येची नोंद गेली का?"

"आली हो."

एके दिवशी मी कावलो. "हवालदार, दर वेळी विचारत जाऊ नका. पाठवलं असं दिसलं की काम झालं. बाकीचं माझ्यावर सोडा."

"बरं सायब," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी कधी फोन केला नाही.

आता खंडेनवमीचं. माझे वडील माधवनगरच्या गिरणीत मागावर होते. खंडेनवमीला गिरणी बंद असायची. ते आम्हा मुलांना आत न्यायचे. एरवी ज्या खात्यात बोललेलं ऐकू यायचं नाही, तिथे त्या दिवशी आमच्या चपलांचा आवाज यायचा. प्रत्येक मागाला झेंडूचा हार, हळदीकुंकू. वडील म्हणायचे, "आज याला हात लावायचा नाही. वर्षभर राबलंय." तेवढं माझ्या मनात पक्कं बसलं. पुढे मी संगणकात गेलो, तरी खंडेनवमीला ऑफिसातलं प्रत्येक यंत्र मी स्वतः बंद करायचो, पुसायचो आणि हार घालायचो. लोक हसायचे, पेढे खायचे. पेटीलाही मी सोडत नसे. दर वर्षी पूजा झाली, जेवणं झाली की दुपारी ती परत चालू करायचो.

त्या वर्षी नाही केली. साताऱ्याची गाडी गाठायची होती, घरी पाहुणे येणार होते. कोणीतरी म्हणालं, "राहू दे की साहेब, दोन दिवस सुट्टीच आहे," आणि मीही म्हटलं, राहू दे. हाराचं एक फूल पेटीच्या झरोक्यावर लोंबत होतं, ते बाजूला केलं आणि निघालो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर येऊन बटण दाबलं.

ऑफिसला सुट्टी होती. दुधाला नव्हती. सगळ्या केंद्रांचे प्रोग्राम त्या दोन दिवसांत शिस्तीने नोंदी पाठवत राहिले. सांगलीत घ्यायला कोणी नव्हतं. आणि जबाबाची वाट न बघायची मीच शिकवण दिलेली, त्यामुळे कोणाला काही कळलंही नाही.

दसऱ्याच्या सकाळी, शहराला सगळ्यांत जास्त दूध लागतं त्या दिवशी, उंब्रजचा टँकर सांगलीत आला आणि दूध नासलेलं निघालं. सगळं ओतून द्यावं लागलं. त्या टाकीत तीन गावांचं दूध होतं, त्या गावांना त्या दिवसाचं काही मिळालं नाही.

चौकशी लागली. हवालदार सांगलीला आले, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांचं म्हणणं सरळ होतं. खंडेनवमीच्या संध्याकाळी व्होल्टेज कमी-जास्त झाल्याने कंप्रेसर बंद पडला होता. ते तिथेच होते, त्यांनी लगेच चालू केला. सकाळी टँकर भरला तेव्हा दूध गार होतं. पुढे टँकर रस्त्यात कुठे धुवायला आणि पूजेला उभा राहिला असेल तर त्यांना माहीत नाही. "आवं, समदं मशीनीत हाय," ते म्हणाले. "सायबांस्नी इचारा."

संचालकांनी मला विचारलं, "उंब्रजच्या नोंदी आल्यात का?"

"नाही," मी म्हणालो.

हे खरं होतं. इतर केंद्रांच्या आल्यात का, हे कोणी विचारलं नाही. मी तो प्रश्न येईल म्हणून वाट बघत होतो. विचारला असता तर मी सांगितलं असतं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत राहिलो.

हवालदार माझ्याकडे वळले. "सायब, माज्या म्होरं पाठवलं असं दिसलं हुतं."

आणि मी म्हणालो, "पाठवलं म्हणजे पोचलं असं नाही, हवालदार."

एक संचालक हसले. बाकीच्यांनी त्यातून आपापला अर्थ घेतला: हवालदार केंद्रावर नव्हते, किंवा झोपले होते, आणि झाकायला त्यांनी संगणकच बंद ठेवला. हवालदार माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माझं आधीचं बोलणं आठवत असणार. मलाही आठवत होतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. का नाही दाखवलं, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. त्यांना कामावरून काढलं. माझ्या पद्धतीचं कौतुक झालं, की बघा, तिच्यामुळे माणूस सापडला. दुसऱ्या दिवशी मी जबाबाची सोय हळूच परत लावली, आणि कोणाला कारण सांगितलं नाही.

मला वाटलं होतं, लोक विसरतील. दूध रोजचं आहे, एका दिवसाचं कोण धरून बसतं?

गेल्या वर्षी बसचं चाक उंब्रजला पंक्चर झालं. सगळ्यांना उतरवलं. झोपेचं सोंग चालणार नव्हतं. मी चहाच्या टपरीवर उभा राहिलो आणि का कोण जाणे, चहावाल्याला विचारलं, "इथे केंद्रावर एक हवालदार होते, ते असतात का गावात?"

"कंचं हवालदार? दूध नासवल्यालं?"

त्याने ते सहज म्हटलं, त्याच्या तोंडी ते आडनाव असल्यासारखं. "हायत की. एक म्हस हाय त्येंच्याकडं." आणि त्याने माझ्या हातात कप दिला. मी तो न पिताच फळीवर ठेवला. चाक बदलून बस निघाली आणि मी सांगलीला गेलो. काम केलं. परत आलो. पुढचे महिने घरात येरझाऱ्या. अखेर बायकोला सगळं सांगितलं. तिने शेंगा निवडता निवडता ऐकलं आणि म्हणाली, "मग मला काय सांगताय? मी काय त्यांना कामावरून काढलंय?"

म्हणून त्यांच्या गावी गेलो.

हवालदार गोठ्यात धार काढून उठत होते. म्हातारे झालेत, पाठ मात्र ताठ. त्यांनी मला लगेच ओळखलं. "या," एवढंच म्हणाले. त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं. मी उभ्या उभ्याच सांगितलं. पेटी मी बंद केली होती. तुमच्या नोंदी आल्या असतील, पण घ्यायला कोणी नव्हतं. एकट्या उंब्रजच्या नाही, सगळ्यांच्याच गेल्या होत्या. मला तेव्हाच ठाऊक होतं. मी बोललो नाही.

ते ऐकत होते. माझं झाल्यावर त्यांनी विचारलं, "झालं सांगून?"

"हो."

"मला कशापायी सांगताय? मी कंप्रेसर चालू केल्ता ह्ये मला म्हाईतच हाय." त्यांनी दुधाची किटली उचलली. "ज्यांस्नी म्हाईत न्हाई त्यांस्नी सांगा. चला, डेरीवर रांग लागली आसंल."

मी मनात ही भेट पुष्कळदा घडवली होती. तिच्यात ते रागावायचे, कधी रडायचे, एकदा तर त्यांनी मला मिठीही मारली होती. रांग तिच्यात कुठेच नव्हती.

डेअरीसमोर किटल्या, कॅन घेतलेली माणसं होती, बायका होत्या, मोटरसायकली आडव्या लावलेल्या. हवालदार रांगेत लागले नाहीत. पायरीवर चढले आणि कवायतीच्या आवाजात म्हणाले, "आयका रं! सांगलीस्नं सायब आल्यात. त्येंस्नी काय तरी सांगायचं हाय."

"दर वाढला का?" मागून एकजण ओरडला.

"त्येच्यासाठी सांगलीस्नं कोन येतंय व्हय गड्या!"

हशा झाला. मी सुरुवात केली. "त्या दिवशी शीतकरण केंद्राच्या प्रणालीकडून ज्या नोंदी मध्यवर्ती सर्व्हरकडे..."

"मराठीत बोला की वो, सायब!"

परत हशा. मी पुन्हा सुरू केलं. दसऱ्याला नासलेलं दूध, म्हणताच रांग गप्प झाली. ते कोणी विसरलं नव्हतं. मी सांगितलं, की केंद्रावरचं यंत्र सांगलीच्या यंत्राला क्षणाक्षणाला कळवायचं, आणि त्या दिवशी सांगलीचं यंत्र बंद होतं.

पुढे उभी असलेली एक बाई म्हणाली, "म्हंजी ह्येंनी फोन केल्ता, आन् तुमचा फोन बंद."

"हो."

"आन् तुमी सांगितलं, फोनच आला न्हाई."

"हो."

"आन् बंद कुनी केल्ता?"

"मी."

"का?"

"खंडेनवमीच्या पूजेला. हार घातला होता."

एक तरुण फिस्सकन हसला. "कॉम्प्युटरला हार!"

"तू ट्रॅक्टरला घालतोस न्हवं?" त्याच्या मागच्याने विचारलं.

"घालतो की. पर त्या दिवशी म्हशीची धार काढायचं सोडत न्हाई."

यावर मात्र कोणी हसलं नाही. मग कट्ट्यावर बसलेले एक म्हातारे, ज्यांचं त्या दिवशी बरंच दूध गेलं होतं असं मला नंतर कळलं, त्यांनी तोंडातली तंबाखू एका गालात घेतली आणि विचारलं, "आता येवढं सांगा, सायब. त्या दिशी टाकीतलं दूध गार हुतं का न्हाई?"

हवालदारांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. एका शब्दाचं काम होतं. गार होतं, असं म्हटलं असतं तर तिथल्या तिथे संपलं असतं. मला म्हणायचंही होतं. ओठावर आलं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "त्या नोंदी आता कुठेच नाहीत. परत मिळणार नाहीत."

"म्हंजी ह्यानं नासवलं न्हाई, ह्ये बी तुमी सांगू शकत न्हाई."

"नाही सांगू शकत. पण नासवलं असं म्हणायलाही आमच्याकडे काही नव्हतं. तरी आम्ही म्हटलं. ते बोलले त्यातलं काहीही खोटं ठरलेलं नव्हतं. मी गप्प बसलो म्हणून ते खोटे ठरले."

"मी तवाच म्हनलं हुतं, टँकरवाल्याला इचारा म्हून," मघाची बाई म्हणाली.

"तू समदं तवाच म्हनल्याली आसतीस, मावशी."

"म्हनलं हुतं रं! तुला काय, तू चड्डीत हुतास तवा."

आतून सेक्रेटरीने हाक मारली, फॅट मोजायचं मशीन खोळंबलंय, कोणाचा नंबर आहे. रांग हलली. म्हाताऱ्यांनी कट्ट्यावरून उठता उठता हवालदारांना म्हटलं, "लाव की तुझी किटली," आणि ते आत गेले. याचा काय अर्थ घ्यायचा ते मला कळलं नाही. हवालदारांनीही काही दाखवलं नाही. त्यांनी दूध घातलं, रिकामी किटली घेऊन बाहेर आले.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बस गाठायची घाई सुटली होती. मी म्हटलं, "हवालदार, येतो मी. साताऱ्याची गाडी..."

"त्या टाकीत आनि दोन गावचं दूध हुतं," ते म्हणाले.

मी थांबलो.

"एक जरा आडबाजूला हाय, तिथं उद्या सकाळी जाऊ. पर पलीकडच्या गावची डेरी उशिरा सुटती." त्यांनी बाजूला लावलेली आपली मोटरसायकल वळवून घेतली. "तिथं माजी भैन दिलीया. दाजीचं लय दूध गेल्तं त्या दिशी. तवापास्नं त्येंनी मला घरात बोलवलं न्हाई. बसा."

मी त्यांच्या मागे बसलो. किटली माझ्या मांडीवर. ऊस रस्त्याच्या दोन्ही अंगांनी इतका जवळ आला होता की पात्यांपासून चेहरा वाचवायला मान खाली घालावी लागत होती. मी मनात वाक्यं जुळवत होतो, आणि जुळलं की ते मोडत होतो.

पलीकडच्या गावात डेअरीच्या अलीकडेच त्यांनी गाडी उभी केली. दिव्याखाली पाच-सहा माणसं होती. त्यांतला एक, पांढऱ्या टोपीचा, हवालदारांना बघून दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. हवालदार गाडीवरून उतरले नाहीत. इंजिनही बंद केलं नाही.

"त्यो टोपीवाला," ते म्हणाले. "तुमी व्हा फुडं."

मी किटली त्यांच्या हातात दिली आणि दिव्याकडे चालू लागलो.